कृषी पदवीसाठी महाविद्यालयाची निवड : शुल्क, खर्च आणि प्रक्षेत्र

खरिपाची पेरणी आणि पाल्याचा महाविद्यालय-प्रवेश ही दोन्ही कामे शेतकऱ्याच्या घरी एकाच हंगामात येऊन पडतात. बियाण्याची व खताची खरेदी, सोसायटीच्या पीककर्जाचे नवे-जुने आणि त्याच सुमारास मुलाच्या अथवा मुलीच्या शुल्काचा पहिला हप्ता, अशी पैशाला तिहेरी ओढ लागते. या घाईत जे महाविद्यालय प्रथम नजरेस पडते, किंवा ज्याचा माणूस प्रथम घरी येऊन भेटतो, तेथे नाव घातले जाते. जमीन घेताना शेतकरी सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, विहिरीला चैत्रात पाणी किती राहते याची शेजाऱ्याकडे चौकशी करतो आणि मगच इसार देतो. परंतु चार वर्षांचा व काही लाख रुपयांचा हा व्यवहार मात्र पुष्कळदा एका रंगीत माहितीपत्रकावर ठरतो. पुढे शुल्क भरता भरता जमिनीचा तुकडा गहाण पडतो आणि हाती आलेली पदवी ज्या कामासाठी घेतली त्या कामी उपयोगी पडत नाही, असे प्रसंग खेड्यापाड्यांत नवीन नाहीत. जमिनीच्या खरेदीत जी दक्षता घेतली जाते, तीच येथे कशी घ्यावी याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कृषी महाविद्यालय कशास म्हणावे

महाराष्ट्रात कृषिशिक्षणाची परंपरा जुनी आहे. पुणे येथील विज्ञान महाविद्यालयात सन १८७९ मध्ये शेतकीचे वर्ग सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुणे व नागपूर येथील कृषी महाविद्यालये स्वतंत्रपणे उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर अकोला, परभणी, धुळे, कोल्हापूर, दापोली अशी महाविद्यालये निघाली. तोपर्यंत शिकविणे एका खात्याकडे, संशोधन दुसऱ्याकडे आणि शेतकऱ्यापर्यंत ते पोचविणे तिसऱ्याकडे, अशी वाटणी होती. ही तिन्ही कामे एका छत्राखाली आणावीत या विचाराने सन १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच धर्तीवर महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी (१९७२) व दापोली (१९७२) येथे विद्यापीठे आली. आज ही विद्यापीठे अनुक्रमे महात्मा फुले, डॉ. पंजाबराव देशमुख, वसंतराव नाईक मराठवाडा व डॉ. बाळासाहेब सावंत कोकण या नावांनी ओळखली जातात.

हा इतिहास येथे देण्याचे कारण असे की, त्यातच निवडीची कसोटी दडलेली आहे. कृषी महाविद्यालय म्हणजे वर्गखोल्यांची इमारत नव्हे. शिकविणारा अध्यापक स्वतः प्रयोग करीत असावा, त्या प्रयोगाची जमीन विद्यार्थ्याच्या पायाखाली असावी आणि प्रयोगाचा निष्कर्ष जवळच्या गावात जाऊन पडताळला जावा, ही या शिक्षणाची मूळ घडण होय. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे नाव ज्याने ऊस लावला आहे त्याला सांगावे लागत नाही. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने हापूस व नीलम यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा दिला, तो याच घडणीचा परिपाक होय. महाविद्यालयाचा अशा एखाद्या केंद्राशी नित्याचा संबंध असेल, तर त्याचा दर्जा निम्मा तेथेच सिद्ध होतो. उलट भाड्याच्या चार खोल्या आणि रस्त्याकडेचा पडीक तुकडा एवढ्यावर चाललेली संस्था कितीही स्वस्त असली तरी ती महागच समजावी.

मान्यतेची तपासणी

सर्वप्रथम महाविद्यालय कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. विद्यापीठ स्वतः चालविते ते घटक महाविद्यालय. सोसायट्या व न्यास चालवितात ती विद्यापीठाशी संलग्न खाजगी महाविद्यालये. त्यांपैकी बहुतेक विनाअनुदानित आहेत. याखेरीज काही खाजगी विद्यापीठे आपल्याच नावाने कृषीची पदवी देतात. तिन्ही ठिकाणच्या फलकावर 'कृषी महाविद्यालय' हेच शब्द असतात. पदवीपत्रावर मात्र विद्यापीठाचे नाव असते आणि पुढील आयुष्यात विचारले जाते ते तेच.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधीन असलेले राष्ट्रीय कृषी शिक्षण अधिस्वीकृती मंडळ विद्यापीठांना, महाविद्यालयांना व अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देते. ही अधिस्वीकृती ठराविक मुदतीची असते. सबब 'आम्हांस अधिस्वीकृती आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. ती कोणत्या वर्षी मिळाली, कधी संपते आणि ती विद्यापीठाची आहे की त्या महाविद्यालयाची, हे तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या राज्यात पदव्युत्तर शिक्षणास जाताना हा कागद पुढे मागितला जाऊ शकतो. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास कृषिशिक्षणाच्या समन्वयाचे काम पुण्याची महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद करते. खाजगी महाविद्यालयांचे मूल्यांकन होऊन त्यांना श्रेणीही देण्यात आलेल्या आहेत. ज्या महाविद्यालयाला आपली श्रेणी सांगण्यास संकोच वाटतो, त्याविषयी वेगळी चौकशी करण्याची गरज सहसा राहत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय क्रमवारीत सन २०२३ पासून कृषी व संलग्न क्षेत्रांची स्वतंत्र यादी प्रसिद्ध होते. एखाद्या विद्यापीठाचे नाव त्या यादीत असले म्हणजे त्याच्याशी संलग्न असलेले प्रत्येक महाविद्यालय त्या योग्यतेचे ठरत नाही. विद्यापीठाचा क्रमांक हा मुख्यत्वे त्याच्या स्वतःच्या संशोधनाचा, अध्यापकवर्गाचा व विद्यार्थ्यांचा असतो. साखर कारखान्याच्या उताऱ्यावरून एका सभासदाच्या उसाची प्रत ठरविता येत नाही, तशातलाच हा प्रकार होय.

मात्र 'घटक' म्हटले म्हणजे सर्व आलबेल, असेही समजू नये. कृषी विद्यापीठांत अध्यापकांची पुष्कळ पदे रिक्त राहतात, ही गोष्ट जाहीर आहे. त्यामुळे एका अध्यापकाकडे दोन-तीन विषय येतात आणि प्रात्यक्षिकाची तुकडी फुगते. तेथे जमीन, ग्रंथालय व प्रयोगशाळा जुन्या व भक्कम असतात. माणसे मात्र मोजून घ्यावी लागतात. खाजगी महाविद्यालयात नेमके उलटे दिसते. कागदावर पदे भरलेली असतात, परंतु वेतन अल्प असल्याने माणूस एखादे वर्ष टिकतो आणि निघून जातो. सबब 'पदे किती' यापेक्षा 'मृदाशास्त्र शिकविणारे गृहस्थ येथे किती वर्षे आहेत' हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. तो प्राचार्यांना न विचारता तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावा.

खर्चाचा खरा हिशेब

बहुतेक पालक वार्षिक शुल्काचा एकच आकडा विचारतात आणि त्यावरून महाविद्यालय स्वस्त की महाग ते ठरवितात. वस्तुतः शुल्क हा खर्चाचा एक भाग आहे. जिरायत ज्वारीचा खर्च मांडताना केवळ बियाण्याची किंमत धरून चालत नाही. मशागत, खुरपणी, काढणी व मळणी धरावीच लागते. तद्वत येथे चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा, एकूण खर्च काढला पाहिजे.

समजण्यासाठी एक हिशेब घेऊ. त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. वाचकाने त्या जागी आपल्या महाविद्यालयाचे खरे आकडे घालावेत. घरापासून दूर असलेल्या एका घटक महाविद्यालयात सर्व मिळून वार्षिक शुल्क २५ हजार रुपये धरू. त्यांपैकी शिक्षण शुल्क २० हजार. वसतिगृहाचे भाडे १० हजार, खाणावळ दरमहा साडेतीन हजारप्रमाणे दहा महिन्यांचे ३५ हजार, जाण्यायेण्याचा प्रवास ६ हजार, पुस्तके, प्रात्यक्षिक वह्या व गणवेश ९ हजार. एकूण वर्षास ८५ हजार, म्हणजे चार वर्षांस ३ लाख ४० हजार रुपये झाले. आता गावापासून वीस किलोमीटरवरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क ७० हजार धरू; त्यांपैकी शिक्षण शुल्क ६० हजार. मुलगा घरून ये-जा करणार, त्याचा खर्च १२ हजार; पुस्तके वगैरे ९ हजार; सहली, परीक्षा व 'इतर' या नावाखाली १२ हजार. जेवण घरचे. एकूण वर्षास १ लाख ३ हजार व चार वर्षांस ४ लाख १२ हजार रुपये झाले. शुल्काच्या आकड्यांत जवळजवळ तिपटीचा फरक दिसत होता. एकूण खर्चात तो चार वर्षांस ७२ हजारांवर आला.

आता याच हिशेबात शिक्षण शुल्काची निम्मी सवलत धरून पाहावी. घटक महाविद्यालयात वर्षाचे १० हजार वाचून चार वर्षांचा खर्च ३ लाख होतो. खाजगी महाविद्यालयात वर्षाचे ३० हजार वाचून तो २ लाख ९२ हजारांवर येतो. म्हणजे जे महाग दिसत होते ते किंचित स्वस्तच ठरले. याचा अर्थ खाजगी महाविद्यालय घ्यावे असा नव्हे. अर्थ एवढाच की, सवलत मिळते किंवा नाही हे ठरल्याशिवाय स्वस्ताई-महागाई बोलताच येत नाही.

सवलतींचा तपशील दरवर्षी शासनाच्या पोर्टलवर पाहावा. परंतु त्यांची मुख्य चौकट अशी आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काच्या निम्म्याइतका लाभ मिळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग व इतर मागास प्रवर्ग यांतील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहेच. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. वरच्या हिशेबातील खाणावळीचा सर्वांत जड आकडा हीच योजना हलका करते. तरीही अनेक पात्र घरांतून तिचा अर्जच जात नाही, ही खेदाची गोष्ट होय.

या सर्व सवलतींच्या बुडाशी एक अट आहे व तीच पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. संस्था स्तरावरील अथवा व्यवस्थापन कोट्यातील जागेवर प्रवेश घेतल्यास शुल्कमाफीचा लाभ मिळत नाही. स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठे मुलींच्या शुल्कमाफीतून वगळलेली आहेत. 'आधी जागा पक्की करून टाका, शिष्यवृत्तीचे आपण मागाहून पाहू,' असे सांगणारा मनुष्य भेटला म्हणजे सावध व्हावे. मागाहून पाहण्यासारखे काही उरलेले नसते. शिष्यवृत्तीची रक्कम सत्र सुरू होऊन बराच काळ लोटल्यावर जमा होते, हेही ध्यानात धरून पहिल्या वर्षापुरती रोख रकमेची तजवीज निराळी ठेवावी. ही तजवीज पीककर्जाच्या रकमेतून करणे म्हणजे बियाण्याचे दाणे दळण्यासारखे आहे.

विनाअनुदानित महाविद्यालयाने किती शुल्क घ्यावे हे सन २०१५ च्या अधिनियमाखाली स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते आणि मंजूर शुल्क प्रसिद्धही करते. मागितलेली रक्कम त्या आकड्याशी ताडून पाहावी व प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. पावतीविना देणगी मागणे हा महाराष्ट्रात सन १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कर्ज काढावेच लागले तर ते सावकाराकडून किंवा जमीन अडकवून काढू नये. बँकांच्या नमुना शिक्षण-कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण मागितले जात नाही आणि वरील हिशेबातील तूट त्या मर्यादेत सहज बसते.

प्रक्षेत्राची पाहणी

कागद पाहून झाले म्हणजे महाविद्यालय प्रत्यक्ष पाहावे. यासाठी योग्य काळ प्रवेशाचा नव्हे. जून-जुलैत प्रक्षेत्रावर पाहण्यासारखे फारसे नसते व कार्यालयात गर्दी असते. पाल्य बारावीत असतानाच, भाद्रपदात खरीप उभा असताना किंवा पौषात रब्बी उभी असताना, एक दिवस काढून जावे. शेतकऱ्याचा डोळा जे पाहील ते माहितीपत्रकाला झाकता येणार नाही.

पदवीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने स्वतः पीक घेण्याचे प्रात्यक्षिक आहे. विद्यार्थ्यांच्या तुकडीला वाफा नेमून दिलेला असतो. जमीन तयार करण्यापासून काढणीपर्यंतची कामे आणि शेवटी नफातोट्याची मांडणी त्यांनी करावयाची असते. हे वाफे कोठे आहेत ते विचारावे व तेथपर्यंत चालत जावे. पाटीवर विद्यार्थ्यांची नावे, पिकाचा वाण व पेरणीची तारीख आहे काय. तासांतील अंतर सारखे आहे काय. तण मजुरांनी काढले की विद्यार्थ्यांनी, हे पाहावे. थोडेसे वेडेवाकडे तास असलेला, पण विद्यार्थ्यांच्या हातचा वाफा हा मजुरांनी राखलेल्या देखण्या वाफ्याहून कधीही चांगला. पेरताना जे हात चुकतात तेच पुढे दुसऱ्याची चूक ओळखतात.

मृदा प्रयोगशाळेत यंत्रे किती आहेत यापेक्षा ती चालतात काय हे पाहावे. सामू मोजण्याच्या यंत्राची काच कोरडी ठणठणीत पडली असेल, फ्लेम फोटोमीटरवरचे प्लॅस्टिकचे आवरण कारखान्यातून आले तसेच असेल आणि रसायनांच्या बाटल्यांवरील मुदत उलटून गेली असेल, तर त्या खोलीत माती तपासली जात नाही हे उघड आहे. कीटकशास्त्राच्या विभागात विद्यार्थ्यांनी जमविलेल्या किडींच्या पेट्या पाहाव्यात. गुलाबी बोंडअळी आणि अमेरिकन बोंडअळी यांतील फरक ज्याने टाचणीने टोचून पाहिला आहे, तो शेतात फवारणीचा सल्ला जपून देईल.

सर्वांत बोलकी जागा म्हणजे हवामान वेधशाळा. पर्जन्यमापक, तापमापकांची पांढरी पेटी व वाऱ्याची दिशा दाखविणारे यंत्र एवढाच तिचा संसार असतो. पावसाची नोंद सकाळी साडेआठ वाजता घ्यावयाची असते. तेथील नोंदवही मागून आज सकाळची नोंद आहे काय ते पाहावे आणि मग मागची पाने उलटावीत. रविवारी, दिवाळीत व परीक्षेच्या दिवसांतही नोंद आढळली, तर त्या महाविद्यालयात कामाला शिस्त आहे असे खुशाल समजावे. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईने व एकाच हाताने एका बैठकीत उतरलेल्या दिसल्या, तर तेथून निघावे. सर्व जागी स्वयंचलित यंत्रे बसविली असली तरी प्रश्न तोच राहतो : ती यंत्रे कोणी वाचते काय?

गोठा, दुधाची नोंद, चाऱ्याचे पीक, विहिरीवरील पंप व ठिबकच्या नळ्या यांची पाहणी करण्याविषयी शेतकरी वाचकास निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कृषिदूत ज्या गावी जातात

चौथ्या वर्षात विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात राहतात. मुलगे 'कृषिदूत' व मुली 'कृषिकन्या' या नावांनी गावोगाव परिचित आहेत. त्यांनी एखाद्या शेतकऱ्याच्या शेतावर कामे करावीत, माती परीक्षण, बीजप्रक्रिया, फळबागेची छाटणी इत्यादींची प्रात्यक्षिके दाखवावीत व गावाच्या शेतीचा अभ्यास लिहावा, अशी योजना आहे. चार वर्षांच्या शिक्षणाचा कस जर कोठे लागत असेल तर तो येथे.

तेव्हा ज्या महाविद्यालयाचा विचार चालू आहे, त्याचे विद्यार्थी मागील वर्षी कोणत्या गावी होते ते विचारून त्या गावी जावे. गावकरी स्पष्ट बोलतात. मुले मुक्कामाला राहत होती की सकाळी बसने येऊन दुपारी परत जात होती; अध्यापक किती वेळा आले; ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घोषवाक्ये रंगविण्यापलीकडे काही घडले काय; ज्याच्या शेतात प्रात्यक्षिक झाले त्याने पुढील पेरणीत बीजप्रक्रिया केली काय? वर्तमानपत्रांत कृषिकन्यांची छायाचित्रे नित्य झळकतात व त्यांत गैर काहीच नाही. परंतु टोपलीतील बियाण्याभोवती वीस मंडळी उभी असलेल्या छायाचित्रात ते बियाणे नंतर कोणाच्या शेतात गेले हे दिसत नाही. ते गावात दिसते. एका घटक महाविद्यालयाची आणि एका खाजगी महाविद्यालयाची अशी दोन गावे पाहिल्यास, दोन्ही संस्थांच्या कार्यालयांत दिवसभर बसून जे कळणार नाही ते एका दुपारी कळते. क्वचित निष्कर्ष अपेक्षेच्या उलटही निघतो.

कोणत्या भागातील महाविद्यालय घ्यावे

महाराष्ट्राचे हवामान व पिके यांनुसार नऊ कृषी-हवामान विभाग मानले जातात. अभ्यासक्रमाची चौकट भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार सर्वत्र सारखी असली, तरी विद्यार्थी जी जमीन रोज पाहतो ती सारखी नसते. दापोलीस जांभी जमीन, भात, आंबा व काजू. अकोल्यास काळी खोल जमीन, कापूस व तूर. परभणीस कापूस, सोयाबीन व रब्बी ज्वारी. राहुरीच्या कार्यक्षेत्रात एकीकडे ऊस व द्राक्ष, तर दुसरीकडे सोलापूरकडील अवर्षणप्रवण टापू. ज्याला पदवीनंतर आपल्याच शेतावर परतावयाचे आहे, त्याने आपल्या विभागातील महाविद्यालयास प्राधान्य द्यावे. खर्चही वाचतो आणि अध्यापकांशी जोडलेला संबंध पुढे उपयोगी पडतो. ज्याचा ओढा पदव्युत्तर शिक्षणाकडे, बँकेकडे अथवा लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेकडे आहे, त्याने विभाग न पाहता ग्रंथालय, अध्यापक व वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांची अभ्यासू संगत पाहावी. पदव्युत्तर वर्ग असलेल्या ठिकाणी ही संगत आपोआप मिळते.

खते, बियाणे व कीटकनाशके यांचे दुकान काढण्याचा अनेकांचा मनोदय असतो आणि कीटकनाशकांच्या परवान्यास आता शैक्षणिक पात्रता लागते. परंतु केवळ परवान्यासाठी चार वर्षे व तीन-चार लाख रुपये खर्ची घालण्यापूर्वी कृषी पदविकेने ते काम भागते काय, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

भाषेविषयी दोन शब्द. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून चालते. मराठी माध्यमातून आलेला हुशार विद्यार्थीही पहिल्या सत्रात वनस्पतिशास्त्रीय नावे व रसायनशास्त्र यांपुढे अडखळतो. एखादा विषय राहिला की सत्र लांबते, आणि लांबलेले प्रत्येक सत्र म्हणजे वरील हिशेबात खाणावळीचे व भाड्याचे आणखी काही हजार रुपये. ज्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी मागे पडलेल्यांना संध्याकाळी बसवून शिकविण्याची चाल आहे, ते अंमळ महाग असले तरी अंती स्वस्त पडते. सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींप्रमाणे सन २०२४-२५ पासून जो नवा अभ्यासक्रम सुरू झाला आहे, त्यात पहिल्या वा दुसऱ्या वर्षाअखेर ठराविक आंतरवासिता पूर्ण करून अनुक्रमे प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय ठेवण्यात आली आहे. घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबवावे लागले तर पूर्वीप्रमाणे हात रिकामे राहत नाहीत. ही सोय आपल्या महाविद्यालयात प्रत्यक्ष कशी राबविली जाते, तेही विचारून ठेवावे.

पसंतीक्रम व कागदपत्रे

राज्यातील कृषी पदवीचे प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर केंद्रीभूत पद्धतीने होतात. कृषी विद्यापीठांतील काही जागा अखिल भारतीय पातळीवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेमार्फत भरल्या जातात आणि सन २०२३ पासून त्यांसाठी केंद्रीय विद्यापीठ सामाईक प्रवेश परीक्षेचे गुण धरले जातात. चांगल्या तयारीच्या विद्यार्थ्याने दोन्ही परीक्षा द्याव्यात. परराज्यातील नामांकित विद्यापीठाचे दार त्यामुळे उघडे राहते आणि परिषदेमार्फत दुसऱ्या राज्यात प्रवेश घेणाऱ्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीची तरतूदही आहे.

पसंतीक्रम भरताना मागील वर्षी कोणत्या गुणांवर कोणते महाविद्यालय मिळाले याची यादी समोर ठेवावी. परंतु क्रम आपल्या पाहणीप्रमाणे लावावा, यादीप्रमाणे नव्हे. जेथे जावयाचेच नाही अशा महाविद्यालयाचे नाव संख्या भरण्यासाठी घालू नये. पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास पुढील फेऱ्यांत बदलास सामान्यतः वाव राहत नाही, म्हणून पहिले नाव सर्वांत विचारपूर्वक लिहावे. अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाच्या मर्जीवर हा क्रम सोडून देण्याची चाल सर्वत्र पडली आहे. त्याचे काम अक्षरे जुळविण्याचे आहे, निवड करण्याचे नव्हे.

शेतकऱ्याच्या पाल्यास गुणांचा अधिभार मिळावा म्हणून सातबाराचा उतारा लागतो. भूमिहीन शेतमजुराच्या पाल्यास तसे प्रमाणपत्र लागते. सातबारावर अद्याप आजोबांचेच नाव असेल व वारसनोंद झालेली नसेल, तर तलाठ्याकडे ती अगोदर करून घ्यावी. प्रवेशाच्या आठवड्यात फेरफार मंजूर होत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांपैकी आपणांस जी लागू असतील ती माघ-फाल्गुनातच काढण्यास टाकावीत, कारण जात वैधतेस सर्वांत अधिक वेळ लागतो आणि ज्येष्ठात तहसील कार्यालयापुढील रांग पीकविम्याच्या रांगेइतकीच लांब होते. विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करावी, अन्यथा मंजूर झालेली शिष्यवृत्तीही खात्यावर उतरत नाही. सर्व मूळ कागदांच्या तीन-तीन छायाप्रती काढून त्या एका पिशवीत ठेवाव्यात आणि मूळ कागद कोणत्याही मध्यस्थाच्या हाती देऊ नयेत.